शाफ्ट तुटला, पेमेंट अडकलं : मकरपुऱ्यातले दहा महिने

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारी २०२४ ला, मी मुलांना घेऊन वडोदऱ्यात गेंडीगेटला पतंग बघत होतो. तेवढ्यात फोन वाजला. आम्ही ज्या कंपनीला गिअरबॉक्सचे मधले शाफ्ट पुरवतो तिथल्या क्वालिटीवाल्या भाईंचा फोन. (कंपनीचं नाव लिहीत नाही, धंदा अजून चालू आहे.) "साइटवर तुमचा शाफ्ट तुटला. फोटो टाकलाय, बघा."

फोटोत शाफ्टचे दोन तुकडे होते, उसाचं कांडं मोडावं तसे सरळ आडवे तुटलेले. कुठे वाकणं नाही, पिळवटणं नाही. पोटात गोळा आला, पण मुलांसमोर "काही नाही रे" म्हणालो आणि फिरकी भरायला दिली.

हे सगळं संपायला नोव्हेंबर उजाडला. लिहून ठेवतोय ते एवढ्यासाठी, की मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझ्यासारख्या चार लेथ आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर असलेल्या शेडी पुष्कळ आहेत, आणि शाफ्ट तुटल्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी डिप्लोमावाला. पुस्तकातलं फटिग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकून तुटणं, परीक्षेपुरतं वाचलेलं.

आधी काम काय ते सांगतो. ६० मिमीचा शाफ्ट, ईएन-८ या साध्या कार्बन पोलादाचा. त्यावर ईएन-१९ चा गिअर तापवून चढवायचा. चावी नाही, की-वे नाही, सगळी भिस्त घट्ट बसण्यावर. फिट एच७/एस६. म्हणजे गिअरचं भोक (बोअर) बरोबर ६० ते ६०.०३०, आणि शाफ्ट ६०.०५३ ते ६०.०७२. गिअर ओव्हनमध्ये २२० अंशांपर्यंत तापवला की अलगद सरकतो आणि गार झाल्यावर असा धरतो की प्रेसशिवाय सुटत नाही. आठ वर्षं हेच करतोय. फिरण्याचा वेग मिनिटाला ४८०, साइटवर दिवसाला वीस तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या वेळी आम्ही नेहमीचंच उत्तर दिलं : कन्व्हेयर जाम झाला असेल, ओव्हरलोड असेल. त्यांनीही मान्य केलं. नवा शाफ्ट फुकट दिला, विषय मिटला.

५ मार्चला दुसरा तुटला. तीच जागा, गिअरच्या कडेशी. आता ओव्हरलोड म्हणायची सोय राहिली नाही. मग मी तेच केलं जे माझ्या जागी कुणीही केलं असतं : पोलाद बदललं. ईएन-८ काढून जास्त कडक ईएन-२४, हार्डन-टेम्पर केलेला. सहा शाफ्ट स्वतःच्या खर्चाने बनवले. माल जवळपास दुप्पट भावाचा, वर हीट ट्रीटमेंट. क्वालिटीवाले भाई खूश झाले. मीही रात्री शांत झोपलो. एप्रिलच्या सुरुवातीला ते बसले.

१८ जूनला त्यातला एक तुटला. जेमतेम दहा आठवडे. ईएन-८ वाला पहिला निदान अकरा आठवडे चालला होता.

२४ जूनला मेल आली. तीन जोडपत्रं. एक, १ लाख १२ हजारांची डेबिट नोट : बंद पडलेल्या लाइनचा खर्च, नवा गिअर, माणसांचे तास. दोन, आमचं ३ लाख ८६ हजारांचं थकलेलं पेमेंट "तपास पूर्ण होईपर्यंत" रोखल्याची सूचना. तीन, १५ दिवसांत ८डी रिपोर्ट. नाही दिला तर व्हेंडर कोड बंद.

८डी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तक्रार आली की आठ टप्प्यांत उत्तर लिहायचं. टीम कोण, अडचण नेमकी काय, तूर्त काय बंदोबस्त केला, मूळ कारण काय, त्यावर उपाय कोणता, तो कसा लागू केला, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं आणि शेवटी टीमचं अभिनंदन. आमच्या टीममध्ये मी, आमचे टर्नर काका, ग्राइंडिंगवाला पोरगा आणि हिशोब बघणारी माझी बायको. चौथ्या टप्प्यावर अडलो. मूळ कारण माहीतच नव्हतं.

बायकोने एक शहाणपणाचं काम केलं. त्याच दिवशी उत्तर लिहिलं की पहिले तीन टप्पे आठ दिवसांत देतो, चौथ्यासाठी लॅबचा रिपोर्ट लागेल, मुदत वाढवून द्या. तूर्त बंदोबस्त म्हणून साइटवरचे उरलेले पाच शाफ्ट दर रविवारी तपासायचे, हेही लिहिलं. मुदत मिळाली. मेलचं उत्तर २४ तासांत गेलं की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी तेव्हा शिकलो. गप्प राहिलं तर ते धरून चालतात की चूक तुमचीच.

आता लॅब. इथे आमच्या हातून झालेली चूक आधी सांगतो. पहिले दोन तुटलेले शाफ्ट शेडमध्ये होते. पहिल्याचे तुकडे टर्नर काकांनी डिझेलने धुऊन वायर ब्रशने लख्ख केले होते, "नीट दिसावं म्हणून". दुसऱ्याचे दोन तुकडे आम्ही सगळ्यांनीच एकमेकांवर ठेवून, फिरवून, "बघ कसा बरोबर बसतो" असा खेळ केला होता. लॅबमधल्या मॅडमनी ते बघितले आणि परत माझ्या हातात दिले. तुटलेल्या तोंडावर जे लिहिलेलं असतं ते आम्ही पुसून टाकलं होतं. तुटलेला भाग कधीही धुऊ नका, घासू नका, जोडून बघू नका. कोरड्या कापडात गुंडाळा, वर प्लॅस्टिक आणि एक सिलिका जेलची पुडी टाका, झालं.

तिसरा वाचला तो निव्वळ आळसामुळे. त्यांच्या स्टोअरमध्ये फोन केला तर उत्तर आलं, "कोथळामां पड्युं छे, लई जाओ." पोत्यात, गिअर अर्धा चढलेल्या स्थितीत, कुणीही हात न लावलेला. मी स्कूटरवर नाही, रिक्षा करून आणला.

लॅबचा फॉर्म भरताना पुढचा अडथळा आला. एकदा दिलेला शाफ्ट म्हणजे कंपनीचा माल. तपासायचा तर कापावा लागतो, आणि दुसऱ्याचा माल कापायला मालकाची लेखी संमती लागते. शिवाय माझ्या शेडमध्ये तो आलाय कोणत्या कागदावर? डिलिव्हरी चलन नव्हतं. चलन मागच्या तारखेने करू नका, कुणी सुचवलं तरी. आम्ही नवीन चलन मागवलं, संमतीपत्र मागवलं, त्यात सहा दिवस गेले. संमतीपत्रात एक ओळ घालून घ्या : "एक तुकडा न कापता राखून ठेवावा." उद्या त्यांना दुसऱ्या लॅबकडून मत घ्यायचं झालं तर वाद नको.

लॅब एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. कोणकोणत्या चाचण्या मान्यतेत येतात ते विचारा. पूर्ण फेल्युअर ॲनालिसिसचे ३८ हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४४,८४०. आगाऊ. रक्कम ऐकून मी बाहेर येऊन चहा घेतला. स्वस्तातही होतं : नुसतं केमिकल आणि हार्डनेस दोन-तीन हजारांत होतं. पण त्यातून एवढंच कळलं असतं की माल बरोबर आहे, आणि ते मला माहीत होतं.

रिपोर्ट १७ जुलैला आला. बारा पानं. केमिकल ठीक, हार्डनेस ठीक, आतली रचना ठीक. म्हणजे पोलादाचा दोष नाही. मग फोटो. तुटलेल्या तोंडावर भरती-ओहोटीच्या रेघांसारख्या कमानी, भेग हळूहळू पुढे सरकल्याच्या खुणा. कडेने बारीक पायऱ्या, म्हणजे भेग एका जागी नाही, अनेक जागी सुरू झाली. आणि शेवटी एकदम तुटलेला भाग सगळ्या क्षेत्रफळाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढाच. मॅडमनी समजावलं, "हा शेवटचा भाग छोटा आहे, म्हणजे लोड मोठा नव्हता. एवढ्याशा उरलेल्या पोलादाने तो पेलला होता." माझी 'ओव्हरलोड'ची गोष्ट तिथेच संपली.

सगळ्यात महत्त्वाचा फोटो शाफ्टच्या बाहेरच्या अंगाचा होता, जिथे गिअर बसतो तिथला. भेग गिअरच्या कडेवर सुरू झालेली नव्हती, कडेपासून तीन-एक मिमी आत, गिअरच्या पोटाखाली होती. बाहेरून कधीच दिसली नसती. आमची रविवारची तपासणी म्हणजे देवळाबाहेरून देवाला नमस्कार. आणि त्या पट्ट्यावर लालसर तपकिरी भुकटी, अगदी गेरूसारखी. रिपोर्टमध्ये शब्द होता 'फ्रेटिंग'.

फ्रेटिंग मला जसं समजलं तसं सांगतो. शाफ्टवर लोड आला की तो किंचित वाकतो. वाकतो तसाच राहतो, पण फिरतो. म्हणजे वरच्या अंगाचं पोलाद अर्ध्या फेरीनंतर खाली जातं. आत्ता ताणलेलं होतं ते दाबलं जातं, पुन्हा ताणलं जातं. प्रत्येक फेरीत एकदा. आता त्यावर गिअर आवळून बसलाय. शाफ्टचं कातडं ताणलं जायला बघतं, गिअर मात्र जाडजूड, तो तेवढा ताणत नाही. मधोमध घर्षण दोघांना बांधून ठेवतं, पण कडेजवळ ते पुरत नाही. तिथे काही मायक्रॉन सरक होते, पुढे-मागे, पुढे-मागे. आपल्याला वाटतं गिअर हललाच नाही, आणि खरंच तो सुटलेलाही नसतो. पण तेवढ्या घासण्याने पोलादाचे कण सुटतात, हवेने गंजतात, तीच ती भुकटी. घासलेल्या कातड्यात बारीक चिरा पडतात. वर गिअरच्या कडेचा दाब तिथेच एकवटलेला. वाकण्याचा ताण, कडेचा दाब, घासणं, तिन्ही एकाच रेघेवर.

फेऱ्या मोजा. मिनिटाला ४८०, दिवसाला वीस तास : ५ लाख ७६ हजार. दहा आठवड्यांत चार कोटी. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पोलाद एक कोटी फेऱ्या टिकलं की पुढे टिकतंच. साध्या, गुळगुळीत नमुन्याला ते बऱ्यापैकी लागू आहे. आवळून बसवलेल्या जागी त्यावर विसंबता येत नाही. तिथली भेग लवकर जन्मते, कधी तिथेच थांबून पडून राहते, कधी सरकत सरकत फार उशिरा शाफ्ट पाडते.

आणि ईएन-२४? मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. जास्त कडक पोलाद साध्या शाफ्टला उपयोगी पडतं, फ्रेटिंगच्या जागी त्याचा फायदा जवळपास विरून जातो. मी दुप्पट पैसे देऊन तीच भेग विकत घेतली होती.

त्या शनिवारी दाहोदहून सासरे आले. अण्णा तिथल्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, उभी नोकरी व्हील शॉपमध्ये. जेवताना मी रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या शाफ्टची सीट आणि बाकीचा शाफ्ट एकाच मापाचा आहे का?"

"हो. ६० चा बार सरळ ग्राइंड करतो."

"मग तुटणारच. आमच्या ॲक्सलला चाक बसतं तिथे सीट जाड असते. बॉडी तिच्याहून बारीक, आणि मध्ये मोठी गोलाई. चाकाचा बॉस, म्हणजे मधला जाड भाग, तोसुद्धा सीटच्या कडेवरून जरासा बाहेर लटकता ठेवायचा. चाक चढवताना प्रेसवर ग्राफ निघायचा, किती टनांवर किती सरकलं त्याचा. ग्राफ बिघडला की चाक परत काढा."

पोळीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. सहा महिने मी ज्याच्यामागे धावत होतो ते दीडशे किलोमीटरवर आरामखुर्चीत बसलं होतं.

रेल्वेवाल्यांना हे माहीत असणं साहजिकच. या विषयाची सुरुवातच ॲक्सल तुटण्यातून झाली. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटून मोठा अपघात झाला. पुढे प्रशियात ऑगस्ट व्होलर याने ॲक्सल फिरवत, वाकवत वर्षानुवर्षं चाचण्या केल्या आणि आवळून बसवलेली जागा कमजोर पडते हेही दाखवलं. आणि आपण २०२४ मध्ये शाफ्टला डिझेलने धूत बसलोय.

मग मी हिशोबाला बसलो. माझा जुना हिशोब असा होता : ईएन-८ ची टेन्साइल, म्हणजे ओढून तुटण्याची ताकद, ६२० एमपीए (ताणाचं एकक) धरली, उलटसुलट वाकण्यात निम्मी म्हणजे ३१०, त्यातून पृष्ठभाग आणि जाडीची वजावट करून २२०. गिअरच्या कडेशी वाकण्याचा ताण ९५ एमपीए. दुपटीहून जास्त सेफ्टी. छान. आता युरोपच्या रेल्वे ॲक्सलच्या मानकातले आकडे बघा. ईए१एन हा साध्या कार्बन पोलादाचा प्रकार, ताकदीने आपल्या ईएन-८ च्याच आसपासचा. त्याच्या भरीव ॲक्सलला मोकळ्या अंगावर २०० एमपीएची मर्यादा धरतात, आणि चाकाच्या सीटवर १२०. त्यालाही सुरक्षेसाठी १.२ ने भागायचं, म्हणजे १६६ आणि १००. माझे ९५ शंभरच्या उंबरठ्यावर होते, तेही धक्के न धरता. कन्व्हेयर भरलेला असताना सुरू केला की ९५ चे १३० सहज होत असतील.

उपाय सरळ होता. सीट ६० ऐवजी ६८ करायची, बाकी शाफ्ट ६० चाच. वाकण्याचा ताण व्यासाच्या घनाने उतरतो, म्हणून ९५ चे ६५ झाले आणि धक्क्यातले १३० चे ९० च्या आत. सीटवरून ६० वर उतरताना ८ मिमीची गोलाई, नीट पॉलिश केलेली. गिअर दोन्ही बाजूंनी २ मिमी लटकता. गोलाईजवळ ताण वाढतो खरा, पण तिथे घासणं नाही, आणि २०० च्या पुढे जात नाही.

कंपनीकडून मधल्या काळात एक सूचना आली होती : फिट आणखी घट्ट करा, एस६ चं यू६ करा. ऐकायला पटतं. गिअर सरकतोय ना, मग आवळा. पण गिअर सुटत नव्हताच. कडेची सरक दाब वाढवून थांबत नाही, आणि कडेवरचा दाब मात्र वाढतो. हे लॅबच्या मॅडमकडून दोन ओळींत लिहून घेतलं आणि मेलला जोडलं. लहान शेडवाल्याने तेच म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, लेटरहेडचं ऐकतात.

२९ जुलैला ८डी पूर्ण पाठवला. आठव्या टप्प्यात टीमचं अभिनंदन म्हणून सगळ्यांना सेवउसळ दिली, आणि तसंच लिहिलं. बायको म्हणाली खोडा. मी ठेवलं. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे आठवं पान कुणी वाचत नाही.

मला वाटलं, संपलं. खरा वेळ पुढे गेला. ड्रॉइंग बदलायचं म्हणजे त्यांच्या डिझाइन विभागाची मंजुरी, आणि तो विभाग दुसऱ्या शहरात. बदलाचा फॉर्म, जुन्या-नव्या ड्रॉइंगची तुलना, वजनातला फरक, किमतीतला फरक, जुन्या गिअरचं काय करणार. गिअरचा प्रश्न सोपा होता : ६० चं बोअर ६८ करता येतं, भरपूर भिंत होती. किमतीचा कठीण. ६५ च्या बारऐवजी ७५ चा लागतो, म्हणजे वजन ३३ टक्के जास्त. ४२० मिमी लांबीला साधारण साडेतीन किलो. पण ईएन-२४ सोडून परत ईएन-८ वर आलो, त्यामुळे एकूण किंमत उलट उतरली. हे ठळक करून लिहिलं. फॉर्मवर सही व्हायला किमतीचा रकाना जितका उपयोगी पडतो तितकं बाकी काही नाही.

सही करणाऱ्या साहेबांनी एक पुरावा मागितला. चाचणी करून दाखवा. पूर्ण मापाच्या शाफ्टची चाचणी माझ्या आवाक्यातली नव्हती. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रोटेटिंग बेंडिंगचं, म्हणजे नमुना वाकवून फिरवत ठेवणारं, छोटं मशीन आहे, तिथे अर्ज केला. अर्ज विभागप्रमुखांना, प्रत प्राचार्यांना, सोबत कंपनीचं पत्र, फीचं चलन. एका नमुन्याचे ६०० रुपये. परीक्षा चालू असल्याने तीन आठवडे थांबा. नमुने आम्हीच टर्न केले : काही साधे, काहींवर पोलादाची छोटी कॉलर दाबून बसवलेली, ईएन-८ आणि ईएन-२४ दोन्हीचे.

मशीन मिनिटाला २८०० फेऱ्या काढतं. एक कोटीला साधारण ६० तास. कॉलेज सहाला बंद. रात्री मशीन चालू ठेवायला वेगळी परवानगी, वॉचमनला वेगळं पत्र. नमुना तुटला की स्विच पडतो आणि काउंटर थांबतो, म्हणून कुणी बसायची गरज नाही, पण पहिल्या रात्री मी बसलो. करायला काहीच नव्हतं. एक बोटभर पोलाद फिरतंय आणि आकडा वाढतोय.

आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना सांगायला नको. आमच्या शेडमध्ये घोटाभर पाणी आलं, ग्राइंडरची मोटर काढून टेबलावर ठेवली होती म्हणून वाचली. कॉलेजची वीज गेली, चालू चाचणी मध्येच थांबली. ८ सप्टेंबरपर्यंत काही हललं नाही. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. घरची मूर्ती दरवर्षीपेक्षा लहान आणली, आणि आरतीला उभा असताना डोक्यात ३ लाख ८६ हजार फिरत होते, खोटं का सांगू.

चाचणीतून जे निघालं ते असं : साधे नमुने ज्या ताणावर एक कोटी फेऱ्या काढून शाबूत राहिले, त्याच ताणावर कॉलरवाले तुटले, सगळे कॉलरच्या कडेशी. ईएन-२४ चे कॉलरवाले ईएन-८ च्या कॉलरवाल्यांहून थोडेच पुढे गेले. प्राध्यापकांनी बजावलं की बोटाएवढ्या नमुन्याचे आकडे ६० मिमीच्या शाफ्टला लावू नका, फक्त तुलना दाखवा. तसंच लिहिलं. पुरलं.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सुचवली : सीट ग्राइंड झाल्यावर कडक रोलरने दाबून काढा. १९३० च्या दशकापासून अमेरिकेत टिमकेन कंपनीत हॉर्गर यांनी मोठ्या ॲक्सलवर हे करून बघितलं होतं. रोलरने वरचं कातडं दबलेलं राहतं. चिरा तरीही पडतात, पण त्या दबलेल्या थरातून आत सरकायला त्यांना जड जातं. १४ हजारांचं रोलर टूल घेतलं, लेथवरच लागतं. टर्नर काकांना दोन दिवसांत हात बसला. दोन गोष्टी सांभाळा. रोलिंगने व्यास काही मायक्रॉन उतरतो, तेवढा ग्राइंडिंगला राखून ठेवा. आणि रोलिंगनंतर पुन्हा ग्राइंडिंगला नेऊ नका, कमावलेलं कातडं खरवडून निघेल. आमच्या ग्राइंडिंगवाल्या पोराने पहिल्या शाफ्टवर सवयीने नेमकं तेच केलं.

मंजुरी १४ ऑक्टोबरला आली. दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबरला सहा नवे शाफ्ट गेले.

पैशांचं थोडक्यात. डेबिट नोट १ लाख १२ हजारांची होती, बोलणी होऊन ४१ हजारांवर मिटलं. आमच्या सीएंनी सांगितलेली गोष्ट उपयोगी आहे : ग्राहक कागदाला डेबिट नोट म्हणतो, पण विकलेल्या मालाचा टॅक्स कमी करायचा तर जीएसटीप्रमाणे क्रेडिट नोट माल देणाऱ्यानेच काढायची असते, आणि त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची मर्यादा आहे. आमची जुनी बिलं २०२३-२४ ची होती, अगदी काठावर पोचलो. उद्यम (लघुउद्योग) नोंदणी असल्याने थकलेल्या पेमेंटसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करता आली असती. नाही केली. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा नियम फोनवर एकदा सौम्य आवाजात काढला, तेवढाच. पेमेंट २९ नोव्हेंबरला आलं. लॅब, कॉलेज, टूल, फुकट दिलेले शाफ्ट, सगळं धरून दीड लाखाच्या वर गेले. तो सौदा तोट्याचाच होता.

त्यानंतरच्या मे महिन्यात साइटचा शटडाउन होता. नव्या शाफ्टच्या तोवर दहा कोटी फेऱ्या झाल्या होत्या. मी विनंती केली की एक गिअर उतरवून बघू. क्वालिटीवाले भाई कुरकुरले, पण तयार झाले. गिअर प्रेसवर काढला. सीटच्या कडेला, आत दोन-तीन मिमीवर, तीच गेरूची रेघ. बारीक, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

"हे काय? परत तेच?" भाई माझ्याकडे बघायला लागले.

मी फोटो काढून अण्णांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं : रेघ राहणारच, भेग आहे का ते बघ. मॅग्नेटिक पार्टिकलवाल्याला (चुंबक आणि लोखंडी भुकटीने बारीक भेगा शोधणारा) बोलावलं, १,८०० रुपये. काळोख्या कोपऱ्यात शाफ्ट ठेवून त्याने दिवा फिरवला, दोनदा फिरवला. भेग नव्हती. शाफ्ट परत नाही लावला, नवीन लावला. जुना मी शेडमध्ये आणून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवलाय, चलनासकट.